दार उघडलं

गेल्या वर्षी मे महिन्यात मी एक भयकथा लिहायला घेतली. कथा बारा पानांची. ती संपली ऑगस्टच्या अखेरीस, सहाव्या खर्ड्यावर. म्हणजे दिवसाला जेमतेम तीन ओळी. हा असा हिशेब काढायची खोड आहे मला, कारण पोटापाण्यासाठी मी एका टॉवेल कारखान्याच्या वह्याच लिहितो.

कथा सुचली गच्चीवर. सोलापूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा ४३-४४ च्या घरात गेला की भिंती रात्री दोनपर्यंत ऊन ओकत राहतात आणि अख्खी गल्ली गच्चीवर अंथरुणं टाकते. आमचं घर शहराच्या पूर्व भागात, चहूकडे माग. रात्रपाळीची खटखट कानात इतकी मुरलेली की तिनं कुणाची झोप मोडत नाही. वीज गेली आणि माग थांबले की मात्र सगळे एकदम जागे होतात. त्या रात्री तशीच वीज गेली. साडेतीन-चार झाले असतील. त्या शांततेत मला लहानपणचा मिलचा भोंगा आठवला. मी चारेक वर्षांचा, अंगावर चादर, आणि भोंगा सुरू झाला की आजी तिचा खरबरीत तळवा माझ्या कानावर दाबून धरायची. आजी विड्या वळायची, त्यामुळे तळव्याला तंबाखूचा वास. तो वाससुद्धा आला.

उठून मोबाइलवर टिपून ठेवलं: बंद पडलेली मिल. रात्रीचा वॉचमन. रोज पहाटे भोंगा होतो, तो फक्त त्यालाच ऐकू येतो.

पहिला खर्डा आठवड्यात उरकला. वॉचमन स्वतःची गोष्ट सांगतोय, भोंगा ऐकून आत जातोय, मेलेले कामगार मागांवर उभे दिसतायत, आणि शेवटच्या पानावर कळतं की तो मनोरुग्णालयातल्या खाटेवरून हे सगळं सांगतोय. मी खूश होतो. माझा एक जुना मित्र हायस्कुलात मराठी शिकवतो, त्याला पार्क चौकात चहाच्या टपरीवर गाठून कागद हातात दिले. त्यानं उभ्या उभ्या वाचले.

‘‘शेवटी येडा निघाला म्हणतोस. मग मी अकरा पानं कशाला वाचली बे?’’

राग आला, पण म्हणणं खरं होतं. शेवटच्या पानानं आधीची अकरा पानं रद्दच केली होती. भूतही गेलं आणि भीतीही गेली. वाचकाला वाटतं, बरं, आजारी माणूस होता, सुटलो. शिवाय ‘वेडा होता’ हे उत्तर ज्या माणसाला खरोखर असा आजार आहे त्याच्यावर अन्याय करणारं. आजार हा काही कथेचा कडीकोयंडा नाही, शेवटी लावून टाकायला.

मित्रानं मग वाचायला लावलं. इंग्रजीत ज्याला ‘अनरिलायबल नॅरेटर’ म्हणतात तो शब्द वेन बूथ या समीक्षकानं १९६१ मध्ये रूढ केला. आपल्याकडे त्याचं भाषांतर ‘अविश्वसनीय निवेदक’ असं करतात, पण जाहिरातवाल्यांनी अविश्वसनीय या शब्दाची पार रया घालवलीय. अविश्वसनीय सूट, अविश्वसनीय फलंदाजी. मी आपला ‘बेभरवशाचा निवेदक’ म्हणतो. बूथच्या म्हणण्यात मला उपयोगी पडलं ते असं, की बेभरवशाचा म्हणजे खोटारडाच असायला हवा असं नाही. कथेची स्वतःची म्हणून एक समज असते, तिच्याशी निवेदकाची समज जुळत नाही, एवढं पुरतं. तो मनापासून खरं सांगत असेल आणि तरी चुकत असेल.

त्या नजरेनं तीन जुन्या कथा पुन्हा वाचल्या. एडगर ॲलन पो यांची ‘द टेल-टेल हार्ट’ १८४३ ची. तिच्यातला खुनी पहिल्या परिच्छेदापासून बजावत असतो की मी वेडा नाही. वाचक तिथंच सावध होतो. कथा जबरदस्त आहे, पण संशय तिच्यात फार टिकत नाही. शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ १८९२ ची. डॉक्टर नवऱ्यानं सक्तीची विश्रांती लादलेली बाई चोरून रोजनिशी लिहिते आणि भिंतीवरच्या कागदात तिला कोंडलेली बाई दिसायला लागते. इथं आपल्याला तिच्यापेक्षा थोडं जास्त दिसत असतं, आणि नवऱ्यापेक्षा तर बरंच. आणि हेन्री जेम्स यांची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’, १८९८ ची. दोन मुलांना सांभाळणाऱ्या तरुण शिक्षिकेला वाड्यात दोन मेलेली माणसं दिसतात. १९३४ मध्ये एडमंड विल्सन या समीक्षकानं मांडलं की भुतं नाहीतच, सगळं त्या बाईच्या मनात आहे. तेव्हापासून वाद चालूच. गंमत अशी की दोन्ही बाजूंना पुरावा जेम्सनंच पुरवून ठेवलाय. शिक्षिकेनं जिवंतपणी कधीही न पाहिलेल्या माणसाचं वर्णन केलं आणि जुन्या कारभारणीनं, मिसेस ग्रोसनं, लगेच ओळखलं की हा तर मेलेला क्विंट. म्हणजे भूत खरं. पण पुढे तळ्याकाठी शिक्षिका दुसऱ्या भुताकडे, मेलेल्या बाईकडे, बोट दाखवून सांगते की ती बघा उभी आहे, आणि तीच मिसेस ग्रोस म्हणते, मला काही दिसत नाही. म्हणजे भूत नाही.

मला हेच हवं होतं. कसं करायचं ते कळत नव्हतं. ते कळलं कारखान्यात.

आमच्याकडे टॉवेलांबरोबर थोड्या जकार्डच्या चादरीही निघतात. घडी घालायला बसणारे एक म्हातारे विणकर आहेत, घरात तेलुगू आणि कारखान्यात मराठी बोलणारे. मी मोजणीला गेलो तेव्हा त्यांच्या मांडीवर एक चादर होती, मरून जमिनीवर पांढरे मोर. सहज म्हणालो, उलटी घडी घातलीत काय? त्यांनी चादर उलटली. पांढऱ्या जमिनीवर मरून मोर. तितकेच रेखीव.

‘‘आता सांगा साहेब, सुलटी कुठली?’’

सूत तेच. इकडे मरून धागा वर आला की त्याच जागी पलीकडे पांढरा वर येतो. दोन्ही बाजूंना नक्षी पूर्ण, आणि कुठंही गाठ दिसायची नाही. मी पावती तशीच ठेवून टेबलावर आलो आणि वापरलेल्या खतावणीचं एक कोरं पान फाडलं.

मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘भोंगा होतो’, उजवीकडे ‘भोंगा होत नाही’. कथेतली एकेक घटना घ्यायची आणि दोन्ही रकान्यांत तिचा खुलासा लिहायचा. एखादा रकाना रिकामा राहिला तर ती घटना बाद. जमा-नावे जुळवण्यासारखंच काम, माझ्या हाताचं. नऊ घटना होत्या, त्यातल्या तीन अडकल्या.

सगळ्यात जास्त त्रास दिला कुत्र्यानं. वॉचमनसोबत मी एक गावठी कुत्रं ठेवलं होतं आणि भोंगा सुरू झाला की ते तोंड वर करून रडायचं. प्रसंग झक्कास उतरला होता. पण कुत्र्याला ऐकू येत असेल तर भोंगा खराच की. कुत्र्याचं मन बिघडलंय असं कुठल्या तोंडानं म्हणणार? दोन दिवस जीव तुटला, शेवटी क्रम बदलला. वॉचमन आधी दचकून उठतो, दंडुका आपटतो, मग कुत्रं रडतं. आता ते भोंग्याला रडतंय की धन्याला, ज्याचं त्यानं ठरवावं. चहावाला असाच दुरुस्त केला. पहिल्या खर्ड्यात तो म्हणायचा, ‘‘आज भोंगा लवकर झाला का हो?’’ आता तो म्हणतो, ‘‘आज लवकर उठवलंत?’’ दोन-तीन शब्दांची काटछाट, पण दोन्ही रकाने भरले. तिसरी घटना, धुळीतले अनवाणी पाय, उडवूनच टाकली. ठसे फार वाईट. ठसा पडला की पडला.

एवढं करूनही कथा थंड होती. रकाने जुळले होते आणि माणूस हरवला होता. तिथं आजी मदतीला आली. म्हणजे तिची आठवण.

आजीला शेवटच्या दोन-तीन वर्षांत डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालं होतं. एके दिवशी दुपारी शेंगाचटणी-भाकरी खाता खाता शांतपणे म्हणाली, ‘‘ती चार पोरं बघ, पुन्हा आल्यात. फेटे बांधल्यात. बोलत काय नाहीत.’’ आई घाबरली, शेजारणीनं लिंबू-मिरची सुचवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, आजी, ती पोरं खरी आहेत का? आजी म्हणाली, ‘‘खरी कुठली? खरी असती तर भाकरी मागितली नसती का?’’ डॉक्टरांनी सांगितलं, याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू आपलीच चित्रं काढतो. माणूस भ्रमिष्ट झालेला नसतो, बहुतेकांना कळत असतं की हे खरं नाही. बॉने या स्वित्झर्लंडच्या निसर्गअभ्यासकानं १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांवरून हे लिहून ठेवलं होतं. आजोबांचं वय ८९, डोळ्यांची तीच गत.

आता विचार करा. जे नाही ते आजीला दिसत होतं आणि तरी तिच्याइतकी भरवशाची निवेदक आमच्या घरात दुसरी नव्हती. भरवसा मोडतो तो दिसण्यात नाही. दिसलेल्याचा अर्थ लावताना माणूस स्वतःवर किती खात्री ठेवतो, तिथं मोडतो. माझा वॉचमन नेमका उलटा हवा होता. मोजकं बोलणारा, वेळेचा पक्का, आणि खात्रीचा इतका की त्याला आजीसारखं भाकरीचं शहाणपण सुचणारच नाही. म्हणून मी त्याच्या हातात रजिस्टर दिलं. कथा आता तो सांगत नव्हता, रोजच्या नोंदी लिहीत होता.

नोंदींनी मला मराठीचं एक अंग दाखवलं, जे इतकी वर्षं बोलूनही ध्यानात आलं नव्हतं. चौथ्या खर्ड्यातली एक नोंद अशी:

‘४.१०. भोंगा झाला. उठलो. दार उघडलं. आत गेलो.’

मित्र हे वाचताना थांबला. म्हणाला, ‘‘दार कुणी उघडलं?’’ मी म्हणालो, त्यानंच. मग दोघंही गप्प झालो. ‘दार उघडलं’ म्हणजे मी दार उघडलं, किंवा दार आपलं आपण उघडलं. भूतकाळात क्रियापद दाराच्या मागे जातं आणि ‘मी’ गाळला तर करणाऱ्याचा मागमूस उरत नाही. ‘पाणी सांडलं’ तसंच. ‘कुलूप मोडलं’ तसंच. घरात दूध सांडल्यावर प्रत्येक पोर ही सोय वापरतं, मी ती कथेत वापरत नव्हतो. वर्तमानात हे चालत नाही, ‘उघडतो’ की ‘उघडतं’ ते बोलावंच लागतं. मी सगळं रजिस्टर भूतकाळात नेलं. काही क्रियापदं दगा देतात, विझला आणि विझवला यांत लपायला जागा नाही, म्हणून दिवा विझायचे सगळे प्रसंग काढले आणि त्या जागी पाणी सांडलं.

दुसरं हत्यार एका अक्षराचं. ‘दार लावलं होतं’ असं वॉचमन लिहितो तोवर मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. ‘दार लावलंच होतं’ म्हणाला की संपलं. विचारलं कुणी होतं? पहिल्या चार पानांत मी एकही असा ‘च’ ठेवला नाही, पुढे पानागणिक वाढवत नेला. मोजून. शेवटच्या पानावर सात आहेत.

पाचवा खर्डा एका रात्री आईला वाचून दाखवला. भोंग्याचं वर्णन, कानावरचा तळवा, तंबाखूचा वास, सगळं मी वॉचमनच्या लहानपणात घातलं होतं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘छान आहे. पण तू कुठं ऐकलास भोंगा? तुझ्या जन्माआधी दोन वर्षं मिल बंद पडली.’’

मी हसलो. ती हसली नाही. ‘‘कानावर हात माझ्या ठेवायची तुझी आजी. तुला ती गोष्ट सांगायची झोपवताना.’’

तो तळवा मला आत्ताही जाणवतो. डाव्या कानावर. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी याच कथेसाठी वाचला होता: २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या काही खऱ्या घटनांत एक बनावट घटना मिसळून दिली, लहानपणी बाजारपेठेत हरवल्याची, आणि साधारण पाव जणांना ती थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवली’. वाचताना मी त्या पाव जणांची कीव केली होती. आणि वासाचं काय, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, वास खरा असेल, विड्या ती शेवटपर्यंत वळत होती.

मामाला फोन लावला. तो मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होता, सुरुवातीला बदली, मग कायम. तो म्हणाला, ‘‘तुझ्या आईला काय कळतंय? मिल बंद पडली तरी भोंगा चालू होता. तू शाळेत जाईपर्यंत होता की.’’ आईनं फोन हिसकावून घेतला. ‘‘अरे, बॉयलर थंड झाल्यावर भोंगा काय तोंडानं वाजवत होते?’’ मामा म्हणाला, शेवटी शेवटी विजेचा बसवला होता. आई म्हणाली, पगार द्यायला पैसे नव्हते आणि विजेचा भोंगा बसवला? पाऊण तास चाललं. दोघंही तिथं होते, दोघांचेही कान धड होते. मी मध्येच उठून सहावा खर्डा सुरू केला आणि वॉचमनचं लहानपण आख्खं खोडलं. तो भाग मला फारच खात्रीनं लिहिता आला होता.

कथा एका दिवाळी अंकानं घेतली. नाव सांगत नाही, कारण पुढचं सांगायचंय. मुद्रितं आली तेव्हा पाहिलं तर कुणीतरी भल्या मनानं अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून बारा ठिकाणी ‘मी’ घातला होता. मी दार उघडलं. मी पाणी सांडलं. चार महिन्यांचं काम बारा अक्षरांत आटोपलं होतं. फोन केला तर पलीकडचे गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘अहो, कर्ता नसला की वाचक गोंधळतो.’’ मी म्हणालो, त्याचसाठी लिहिलीय. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी ‘मी’ काढायचं कबूल केलं. अंक छापून आला तेव्हा अकरा काढले होते. एक राहिला, नवव्या पानावर. तो पाहून मी दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी कडक भाकरी चावता चावता वाटलं, असू दे.

भाऊबीजेला मामा आला. आईनं ओवाळलं, फराळाचं ताट पुढं ठेवलं आणि त्याच्या शेजारी अंक. दोघांनीही वाचलेला होता.

‘‘भोंगा वाजतच होता, तेच लिहिलंय पोरानं,’’ मामा म्हणाला.

‘‘कुठं वाजत होता? सगळं तो एकटाच करतोय.’’ आईनं नववं पान काढून बोट ठेवलं. ‘‘हे वाच. मी दार उघडलं. कबूल केलंय त्यानं.’’

मामानं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

‘‘तिथंच तर खोटं बोललाय की गं तो,’’ मामा म्हणाला. ‘‘नोकरीचा प्रश्न आहे. दार आपोआप उघडलं, असं रजिस्टरात कोण लिहील?’’ आणि त्यानं चकली उचलली.